वाचकांचे प्रश्न : काटा अडकला, आता चालायचं कशासाठी?

वजन उतरवण्याच्या ऑपरेशननंतर व्यायाम कसा टिकवायचा, यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागांतून आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरं दिली आहेत. उत्तरं फिजिओथेरपी आणि आहारशास्त्र या दोन्ही बाजूंनी लिहिली आहेत. ज्यांनी तुमचं ऑपरेशन केलं त्या सर्जननी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. तुमच्या पोटात काय केलंय ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

प्रश्न : माझी स्लीव्ह सर्जरी होऊन ११ महिने झाले. ११२ किलो वजन होतं, ते ७९ वर आलं. सुरुवातीला रोज सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चालायला जायचे, एक दिवस चुकवत नव्हते. गेले दोन महिने काटा ७९ वरच आहे आणि आता उठवतच नाही. जाऊन तरी उपयोग काय, असं वाटतं. पूर्वीचा उत्साह परत कसा आणू?
— शिक्षिका, टिळकवाडी

उत्तर : ताई, उत्साहाच्या मागे लागू नका. तो आधी होता तो चालण्याचा नव्हताच, काट्याचा होता. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः त्याच भागात तयार होतं. पहिल्या सहा-आठ महिन्यांत वजन झरझर उतरतं ते खाणं कमी आणि भूक कमी झाल्यामुळे. त्यात चालण्याचा वाटा लहानच असतो. पण तुम्ही रोज चालत होता आणि रोज काटा खाली येत होता, म्हणून दोन्हीची सांगड डोक्यात पक्की बसली. आता काटा थांबल्यावर चालणंही वाया गेल्यासारखं वाटतंय. बहुतेकांचं चालणं सुटतं ते याच टप्प्यावर, आणि नेमकं इथूनच व्यायामाचं खरं काम सुरू होतं.

वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास वजन थांबणं अपेक्षितच असतं. शरीर लहान झालं की त्याचा रोजचा खर्चही घटतो. चालायला लागणारी ऊर्जा साधारण वजनाच्या प्रमाणात असते. म्हणजे ११२ किलोंना ज्या फेऱ्या मारत होता, त्याच फेऱ्या त्याच वेगानं आज मारल्या तर खर्च सुमारे ३० टक्के कमी होतो. शिवाय उतरलेले ३३ किलो सगळे चरबीचे नव्हेत, त्यात स्नायूही गेलेत. पुढे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पोट थोडं जास्त घ्यायला लागतं, भूक परतते. त्या वेळी अंगात स्नायू आणि पायात सवय नसेल तर वजन परत चढायला वेळ लागत नाही.

म्हणून मोजमाप बदला. काट्यावर आठवड्यातून एकदाच उभं राहा, ठरलेल्या वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर. रोजचा काटा पाण्यानं, मिठानं, पाळीच्या दिवसांनी एक-दोन किलो इकडेतिकडे होतो आणि उगाच मन खट्टू करतो. बेंबीच्या पातळीवर टेपनं कंबर महिन्यातून एकदा मोजा. आणि एक चाचणी घरीच करा. हात नसलेली, बसायची उंची साधारण ४३ सेंटिमीटर असलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. काटा थांबलेला असला तरी हा आकडा महिन्याभरात वाढू शकतो. तो वाढतोय म्हणजे मांड्या भरतायत.

आता चालण्याबरोबर आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम घालायचे. सोमवार आणि गुरुवार धरा. खुर्चीवरून उठबस १० वेळा, भिंतीला हात टेकून दंड १०, टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं १५, पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं १०. असे दोन फेरे करा, मध्ये दोन मिनिटं थांबा. जेमतेम २० मिनिटांचं काम आहे. शेवटचे दोन-तीन आकडे जड गेले पाहिजेत. हसत-खेळत होत असतील तर पाठीवरच्या पिशवीत दोन लिटर पाणी भरलेली बाटली घाला, दोन किलो वाढले. उठबस करताना श्वास रोखू नका. उठताना सोडा.

चालणं आठवड्यातले पाच दिवस, ३० ते ४० मिनिटं. पाच मिनिटं सावकाश चाला, मग तीन मिनिटं झपाझप आणि एक मिनिट सावकाश असं आलटून पालटून. झपाझप म्हणजे इतकं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगितलाय, त्यात हे चपखल बसतं. वजन परत चढू द्यायचं नसेल तर ३०० च्या बाजूला सरकलेलं बरं.

राहिला प्रश्न उठवत नाही त्याचा. सकाळी जमत नसेल तर सकाळचा हट्ट सोडा. शाळा सुटल्यावर घरी जाऊन एकदा टेकलात की संपलं, तेव्हा शाळेतूनच बूट घालून निघा. बसनं येत असाल तर घराच्या दोन थांबे आधी उतरा. बूट आणि मोजे आदल्या रात्री पिशवीत. अगदीच नको वाटेल त्या दिवशी फक्त दहा मिनिटं चालायचं ठरवा आणि दहा मिनिटांनी परत फिरायची स्वतःला मुभा द्या. बहुतेकदा माणूस फिरत नाही. फिरलात तरी तो दिवस भरला असंच धरा. एक दिवस चुकला तर चुकू द्या, पण सलग दुसरा चुकवू नका.

प्रश्न : यजमानांचं वजन उतरवायचं बायपास ऑपरेशन (पोटाचं, हृदयाचं नव्हे) होऊन १२ दिवस झाले. घरची वडीलधारी म्हणतात, टाके आहेत, महिनाभर पडून राहा. डॉक्टर म्हणतात चाला. आमचं दुकान आहे, ४०-५० किलोची पोती उचलायची त्यांना सवय आहे. कधीपासून काय करू द्यायचं?
— गृहिणी, निपाणी

उत्तर : डॉक्टरांचं बरोबर आहे. या ऑपरेशननंतर पडून राहणंच धोक्याचं. पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी होते आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. वडीलधाऱ्यांना हे कारण सांगा, म्हणजे ते स्वतःच त्यांना उठवतील.

सध्या दिवसातून चार-पाच वेळा पाच-दहा मिनिटं घरात, अंगणात, गल्लीत चालू द्या. दर दोन-तीन दिवसांनी एखाद-दोन मिनिटं वाढवत चौथ्या आठवड्यापर्यंत सलग २०-३० मिनिटांवर आणा. पहिले चार ते सहा आठवडे पाच किलोवर काहीही उचलायचं नाही. भरलेली घागर नाही, नातवंड नाही आणि पोतं तर नाहीच. बाहेरून टाके लहान दिसतात पण दुर्बिणीच्या भोकांखालचा पोटाचा थर जुळायला वेळ लागतो. त्यावर जोर पडला की तिथे हर्निया होतो. पोटाचे व्यायाम, सूर्यनमस्कार, कपालभाती सहा ते आठ आठवडे नकोत. पोहणं जखमा पूर्ण भरल्यावर आणि सर्जननी हो म्हटल्यावर. पोती उचलायला तीन महिने तरी दुसरा माणूस ठेवा. पुढेही ५० किलोंपासून सुरुवात नको, १०-१५ पासून चढत जा.

चालताना बाटली हातात असू द्या. दिवसाला दीड-दोन लिटर पाणी घोट-घोट पोटात गेलं पाहिजे. आता पोटात गटागटा मावत नाही, त्यामुळे चालून आल्यावर एकदम प्यायचा बेत फसतो. जेवताना पाणी नको आणि जेवणानंतर अर्धा तास थांबा.

एका पोटरीला सूज आली आणि ती दुखू लागली, अचानक दम लागला, छातीत दुखलं, ताप आला, बसल्या जागी नाडी १२० च्या वर राहिली, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढतं दुखणं सुरू झालं किंवा उलट्या थांबेनात, तर व्यायाम-बियायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी ऑपरेशन झालं त्या दवाखान्यात न्या. रात्र काढू नका.

प्रश्न : मी वडगावात यंत्रमागावर काम करतो. दिवसाचे दहा तास उभाच असतो, घामाघूम होतो. ऑपरेशननंतरही वेगळा व्यायाम करायची गरज आहे का?
— एक कामगार

उत्तर : आहे, पण थोडी. उभं राहून पाय दमतात, घाम शेडमधल्या उकाड्यानं येतो. या दोन्हींनी हृदयाचे ठोके फारसे वाढत नाहीत. कामाच्या मध्यावर मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजा, चारनं गुणा. बसून असताना मोजलेल्या आकड्याच्या आसपासच असेल तर तो व्यायाम नव्हे. सुट्टीत दहा मिनिटं झपाझप आणि कामावर येता-जाता दहा-दहा मिनिटं चालणं, एवढ्यानं अर्धा तास भरतो. वर आठवड्यातून दोनदा पहिल्या उत्तरातले ताकदीचे व्यायाम. दहा तास उभं राहून संध्याकाळी पाय सुजत असतील तर दर तासाला २० वेळा टाचा उचला, मागापासून हलावं लागत नाही. शेडमध्ये पाण्याची बाटली समोर दिसेल अशी ठेवा.

प्रश्न : बायपास होऊन सात महिने झाले. घरचे म्हणतात मी आळशी झाले. खरं म्हणजे चालायला निघालं की दहा मिनिटांत गळून जाते, जिना चढताना धाप लागते, केसही गळतात. कधी कधी चालून आल्यावर हातपाय थरथरतात. लोहाच्या गोळ्या सकाळी चहाबरोबर घेते. इच्छाशक्ती कमी पडतेय का?
— खानापूर तालुका

उत्तर : इच्छाशक्तीचा विषय नंतर. आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि साखर. बायपासमध्ये अन्न लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जातं. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः तिथेच शोषलं जातं. त्यात तुम्ही गोळी चहाबरोबर घेता, म्हणजे थोडंफार जे अंगी लागणार तेही चहा अडवतो. लोहाची गोळी चहाच्या आधी-नंतर दीड-दोन तासांचं अंतर ठेवून, लिंबूपाण्याबरोबर घ्या. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको. दोन्हींत किमान दोन तास जाऊ द्या. गोळ्यांनी फेरिटिन वर येत नसेल तर शिरेतून लोह देता येतं, डॉक्टरांना विचारा. ऑपरेशनच्या आधीपासून ब्लडप्रेशरची गोळी चालू असेल तर तीही दाखवून घ्या. वजन उतरल्यावर प्रेशरही उतरतं, गोळी मात्र तेवढीच राहते आणि उभं राहिलं की गरगरतं. मधुमेहाच्या गोळ्यांचंही तसंच, आणि थरथर सुटण्याचं ते एक कारण असू शकतं.

थरथरण्याचं दुसरं कारण खाण्यात शोधा. बायपासनंतर साखर आतड्यात झपाट्यानं उतरते, शरीर इन्शुलिन जास्त सोडतं आणि तासा-तीन तासांनी रक्तातली साखर खाली येते. तेव्हा घाम, थरथर, धडधड होते. चालायला जायच्या आधी गोड चहा-बिस्किट, केळं-गूळ, वाटेत उसाचा रस, पाहुण्यांनी आणलेला कुंदा चमचाभर, हे सगळं यात मोडतं. त्याऐवजी निघण्याच्या तासभर आधी उकडलेलं अंडं किंवा मूठभर भाजलेले शेंगदाणे नीट चावून खा. थरथर सुटलीच तर ग्लुकोमीटरवर साखर बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यात विरघळवून घ्या, १५ मिनिटांनी परत तपासा. ठीक झाली की काहीतरी प्रथिनाचं खा, नाहीतर थोड्या वेळानं पुन्हा घसरेल. असं वारंवार होत असेल तर सर्जनना कळवायलाच हवं.

प्रथिनांचा हिशेब बहुतेक पत्रांत चुकलेला दिसतो, म्हणून इथेच देतो. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम लागतात. केस गळणं तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास झपाट्यानं वजन उतरल्यामुळेही होतं, पण सातव्या महिन्यातही चालू असेल तर प्रथिनं आणि लोह दोन्हींकडे बघा. आपल्याकडे भात-आमटी हेच मुख्य जेवण, आणि पातळ आमटीच्या वाटीत डाळ असते ती चमचाभर. तेवढ्यावर हा आकडा गाठत नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, २०० मिलिलिटर दुधात साडेसहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, कोरड्या ३० ग्रॅम सोयावडीत १५, ३० ग्रॅम डाळीच्या किंवा हुलग्याच्या घट्ट वाटीत ७ च्या आसपास, १०० ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये २५, तेवढ्याच मासळीत २०. शाकाहारी घरात पनीर, सोयावडी, दोन पेले दूध आणि घट्ट डाळ धरून जेमतेम ५३ होतात. उरलेल्यासाठी प्रथिनांची पावडर घेण्यात काही कमीपणा नाही, फक्त डब्यावर साखर किती लिहिलीय ते वाचा. ताटात प्रथिनाचं आधी खायचं, भात-भाकरी शेवटी. पोट भरलं तर भात राहू दे.

रक्ताचे आकडे सुधारेपर्यंत दहा-दहा मिनिटांचं सपाटीवरचं चालणं दिवसातून तीनदा पुरे. आणि हे उत्तर घरच्यांना वाचायला द्या.

प्रश्न : पावसाळ्यात काय करायचं? जूनपासून चार महिने आमच्याकडे बाहेर पडायची सोय नसते. दरवर्षी तेव्हाच व्यायाम सुटतो आणि दिवाळीपर्यंत वजन वाढतं.
— जांबोटी भाग

उत्तर : पावसाळा दरवर्षी येतो हे ठाऊक आहे, तर मेमध्येच घरातला कार्यक्रम ठरवून ठेवा. पाऊस लागल्यावर ठरवायला बसलात की ऑगस्ट उजाडतो. पडवी १० मीटरची असेल तर १०० येरझाऱ्या म्हणजे एक किलोमीटर. हे कंटाळवाणं आहे, नाही म्हणत नाही, म्हणून कानात काहीतरी लावा किंवा संध्याकाळच्या मालिकेची वेळ धरा. जागेवर पावलं उचलताना गुडघा कमरेपर्यंत आला पाहिजे, नुसते पाय आपटून काही होत नाही. एका पक्क्या, न घसरणाऱ्या पायरीवर आठ मिनिटं चढ-उतार करा, मिनिटाला साधारण २० वेळा, आणि अर्ध्या वेळानं आधी टाकायचा पाय बदला. ओल्या फरशीवर अनवाणी नको, शेवाळलेल्या अंगणात तर अजिबात नको. वजन झपाट्यानं उतरलेल्या माणसाचा तोल अजून नव्या शरीराला सरावलेला नसतो आणि हाडांचं कॅल्शियमही कमी झालेलं असू शकतं. पडलं की मनगट मोडतं.

प्रश्न : ४१ किलो उतरले. पण पोटाची, दंडाची कातडी लोंबते. चालताना घासते, घामानं लाल होते, वास येतो. गल्लीत ऑपरेशनचं कुणाला सांगितलेलं नाही. 'एवढी बारीक कशी झालीस, बरं नाही का?' असं विचारतात, म्हणून बाहेर पडणंच नको वाटतं.
— शहापूर

उत्तर : कातडीचं आधी सांगतो, कारण ती घासायची थांबली तर निम्मा प्रश्न मिटतो. चालायला जाताना पोट वर उचलून धरणारी, कमरेच्या वर येणारी घट्ट लेगिंग घाला, वरून सैल कुर्ता. दंडांसाठी घट्ट लांब बाहीचा शर्ट आतून. घडीत घाम साचतो आणि तिथे बुरशी धरते. आल्याबरोबर धुऊन, मऊ पंचानं टिपून, पाच मिनिटं वाऱ्यावर कोरडं होऊ द्या. निघताना घासणाऱ्या जागी व्हॅसलिनचा पातळ थर लावा, पण जिथे आधीच लाल झालंय तिथे नको. कडा उठलेला, खाजणारा चट्टा असेल तर बुरशीविरोधी मलम लागेल. दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून लावू नका. त्यानं चार दिवस बरं वाटतं आणि मग चट्टा पसरतो.

व्यायामानं लोंबती कातडी आत जात नाही, असं सांगणारे फसवतात. खालचा स्नायू भरला तर दंड-मांडी थोडी बरी दिसते, एवढंच. कातडी काढायचं ऑपरेशन वजन किमान सहा महिने एका जागी टिकल्यावर, म्हणजे साधारण दीड वर्षानंतर करतात.

लोकांना सगळं सांगायचं बंधन नाही. 'डॉक्टरांच्या सल्ल्यानं वजन कमी केलं, तब्येत उत्तम आहे' हे एक वाक्य पाठ करून ठेवा. खोटं काही नाही आणि पुढचा प्रश्न विचारायला जागाही राहत नाही. चालता चालताच म्हणा, थांबू नका. सुरुवातीला आपल्या गल्लीपासून लांब, किल्ल्याकडे किंवा कॅम्पात चाला, सोबत बहीण किंवा जाऊ असली तर उत्तम. कुणीतरी आपली वाट बघत असेल तर चुकवणं अवघड जातं.

प्रश्न : गुडघे दुखतात म्हणून चालणं बंद पडलंय. बायपास झालेला आहे. मेडिकलमधून दुखण्याची गोळी घेऊन चाललं तर चालेल का?
— चिकोडी

उत्तर : नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन जातीच्या गोळ्यांनी बायपासच्या जोडावर, म्हणजे जठर आतड्याला जोडलंय तिथे, अल्सर होतो, तो फुटूही शकतो. अॅसेक्लोफेनॅक आणि अशाच मिश्र गोळ्यांच्या पाकिटावर पॅरासिटामॉल ठळक लिहिलेलं असतं आणि दुसरं नाव बारीक अक्षरांत, तेव्हा पाकीट उलटून वाचा. दुकानदाराला 'बायपास झालाय' हे दरवेळी सांगा. नुसती पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून घेता येते. तंबाखू खात किंवा ओढत असाल तर तीही त्याच अल्सरला निमंत्रण देते.

किलोभर वजन उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, म्हणून वजन उतरताना गुडघा बरा व्हायला हवा. तरी दुखतोय म्हणजे बहुधा मांडीचा पुढचा स्नायू कमजोर झालाय. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो खाली दाबा, पाच सेकंद धरा, १० वेळा. पाय सरळ ठेवून जमिनीपासून वीतभर उचला, पाच सेकंद धरा, १० वेळा. खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा आणि तिथून उठबस करा, मांडी भरत जाईल तशी उशी पातळ करा. दिवसातून दोनदा, सहा आठवडे. तोवर चालणं सपाट रस्त्यावर दहा मिनिटांचे तुकडे करून. व्यायामानंतर दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उरत असेल तर आकडे निम्मे करा. गुडघा सुजला, गरम झाला किंवा अडकायला लागला तर हाडाच्या डॉक्टरांना दाखवा, आणि तिथेही पहिलं वाक्य बायपासचंच.

प्रश्न : घरात लग्न, मग गावची जत्रा, तीन आठवडे व्यायाम बुडाला. परत सुरू करताना अंग इतकं दुखलं की पुन्हा सोडला.
— येळ्ळूर

उत्तर : सोडला होता तिथूनच उचललात म्हणून दुखलं. पहिल्या आठवड्यात वेळ आणि फेरे दोन्ही निम्मे, दुसऱ्यात पाऊण, तिसऱ्यात पूर्ववत. पुढच्या लग्नसराईत पूर्ण बंद न करता आठवड्यातून दोनदा १५ मिनिटांची उठबस आणि भिंतीवरचे दंड तेवढे चालू ठेवा, बरीचशी ताकद टिकते. जत्रेच्या दिवशी पुरणपोळीची पंगत असेल तर ताटातलं मटण किंवा डाळ आधी खा, पोळीचा तुकडा शेवटी. आणि जेवणावर लगेच चालायला निघू नका, तासभर जाऊ द्या.